पहिली दुहाती फ्लाय काठी घेतोय. काठी, रीळ, दोरी... सुरुवात कुठून करू?

गळेकर_कोथरूड

नमस्कार मंडळी. इथे मासे खाणारे शेकड्याने आहेत, धरणारे किती ते माहीत नाही. तरी धागा काढतोय.

गेली सहा वर्षं एकहाती फ्लाय काठीने (पिसांची खोटी माशी, ती दोरीच्या वजनावर फेकायची) मासेमारी करतोय. हिमाचलात तीर्थन नदीला दोनदा ट्राउटसाठी जाऊन आलो, एरवी पवनेच्या बॅकवॉटरला चिलापी. मागच्या वर्षी मात्र महसीर माशासाठी उत्तराखंडात महाकाली नदीला गेलो, पंचेश्वरला, सरयू येऊन मिळते तिथे. नऊ फुटी, आठ नंबरची काठी होती. तिथे दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे पाठीशी दरड, धोंडे आणि झाडं, त्यामुळे दोरी मागे फेकायला जागाच नाही. निम्म्या माश्या (पिसांच्या) झाडांना वाहून आलो. दुसरं म्हणजे माझा उजवा खांदा. तिसऱ्या दिवशी शर्टात हात घालताना ओरडलो.

शेजारच्या कॅम्पवर सत्तरीचे एक गृहस्थ तेरा फुटी काठी दोन्ही हातांनी धरून उभे होते. दोरी मागे न्यायचीच नाही, नुसती पाण्यावर टेकवायची, शेजारी एक वेटोळं करायचं आणि समोर सत्तर-ऐंशी फुटांवर सोडायची. घाम नाही, धापा नाहीत. तेव्हाच ठरवलं की हे शिकायचं.

घरी येऊन वाचायला बसलो तर डोकं गरगरलं. स्पे, स्विच, स्कॅगिट, स्कँडी, ग्रेन, हेड, टिप! मार्चमध्ये परत महाकालीला जायचंय. बजेट सगळं मिळून सत्तर हजार. (बायकोला चाळीस सांगितलंय, ती इथे सभासद नाही.) आधी काठी घेऊ का? मग तिला शोभेल ते रीळ, आणि मग दोरी?

भिगवणचा_बगळा

पहिला!
तेरा फुटी काठी कोथरूडच्या लिफ्टमध्ये मावते का ते आधी बघा.

मुठाकाठ

लिफ्टमध्ये मावते, चार तुकड्यांत येते. नळी साडेतीन फुटांची असते.

गळेकर, तुमचा क्रम बरोब्बर उलटा आहे. काठी आधी घेणारे सगळे पस्तावतात, मीही त्यातलाच. आधी नदी ठरवा. ती तुमची ठरलेली आहे, निम्मं काम झालं. मग दोरी, मग ती दोरी पेलणारी काठी आणि शेवटी रीळ.

कारण सांगतो. एकहाती आठ नंबर म्हणजे दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन २१० ग्रेन. दुहाती आठ नंबरला स्कॅगिट हेड (हेड म्हणजे दोरीचा पुढचा वजनदार भाग) लागतं साडेपाचशे ते सहाशे ग्रेनचं. नंबर तोच, वजन अडीचपटीच्या वर. त्यामुळे तुमच्याकडची आठ नंबरची दोरी दुहाती काठीवर चढवलीत तर काठीला कळणारही नाही की टोकाला काही बांधलंय. नंबर विसरा, ग्रेन धरा. प्रत्येक काठीचा बनवणारा एक तक्ता देतो, ह्या काठीला स्कॅगिट इतके ग्रेन, स्कँडी इतके. तो तक्ता हाच काठीचा खरा जन्मदाखला.

आता ती नावं. स्पे ही स्कॉटलंडमधली नदी. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सामन मासे धरणाऱ्यांची अडचण तीच होती जी तुमची पंचेश्वरला झाली, उंच काठ आणि मागे झाडं. म्हणून त्यांनी दोरी मागे न उडवता पाण्यावर टेकवून फेकायची रीत काढली. पाण्याला चिकटलेला दोरीचा तुकडा म्हणजे अँकर. मागे हवेत जो फुगा तयार होतो तो डी-लूप, इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो म्हणून. तो फुगा काठी वाकवतो. बाकी सगळी ह्याचीच नाटकं.

जुन्या स्पे दोऱ्यांचं पोट लांबलचक असतं. सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नका. नव्या माणसासाठी दोनच रस्ते. स्कँडी हेड तीस ते चाळीस फुटांचं, पुढे निमुळतं होत गेलेलं. लांब लीडर (दोरी आणि माशीमधला बारीक धागा) लावून हलकी माशी अलगद टाकायची असेल तर त्यासारखं सुख नाही. स्कॅगिट हेड वीस-पंचवीस फुटांचं, आखूड आणि जाडजूड, दिसायला गबाळं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट नदीवरून नाव पडलं. तिथले लोक हिवाळ्यात स्टीलहेड माशासाठी कोंबडीएवढ्या माश्या आणि बुडणाऱ्या टिपा (हेडच्या पुढे जोडायचे तुकडे) फेकायचे, त्यासाठी हे निघालं. तुम्हाला महसीरसाठी डोळ्यांना शिसं लावलेली क्लाउजर माशी खोल न्यायची आहे, मागे जागा नाही. म्हणजे स्कॅगिट. वाद नको.

सह्याद्रीचा_वारा

वाद नको म्हटलं की इथे हमखास होतो :)

मी अकरा फुटी स्विच काठी सुचवेन. एका हाताने पण चालते, दोन्ही हातांनी पण. पवनेला पण वापरता येईल. पैसे वसूल.

मुठाकाठ

वारेसाहेब, अकरा फुटी काठी एका हाताने अर्धा तास फेकून बघा आणि मग गळेकरांना खांद्याचं विचारा. 'दोन्ही चालते' म्हणजे कोकणात न्यायची आणि लग्नातही घालायची चप्पल. शिकायला आखूड काठी उलट अवघड, चूक जरा झाली की फुगा कोसळतो. साडेबारा-तेरा फुटी काठी माफ करते. नदी लहान असेल तर स्विच गोड आहे, नाही म्हणत नाही. महाकाली लहान नाही.

तंगूस

आमच्या लहानपणी कळकाची काठी, तिला तंगूस, तंगुसाला गळ आणि गळाला गांडूळ. खडकवासल्याच्या खाली वाम मिळायची हातभर. खर्च आठ आणे. हे तोळ्यामाशाचं गणित कशाला पाहिजे?

(तरी वाचतोय. चालू द्या.)

सराफ_पेठ

तंगूसकाका, तुम्ही गमतीत बोललात पण नेमकं बोललात!

माझा मासेमारीशी संबंध ताटापुरता. पण हा ग्रेन आमच्या धंद्यातला आहे. इंग्रजांच्या वेळचा तोळा १८० ग्रेनचा, चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. बारा मासे म्हणजे एक तोळा, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा, जवळजवळ एक ग्रॅम. ५४० ग्रेनचं तुमचं ते हेड म्हणजे बरोबर तीन तोळे.

थोडक्यात, मासा धरायला छत्तीस मासे वजनाची दोरी.

भिगवणचा_बगळा

छत्तीस मासे टाकून एक मिळवायचा. हा शेअर बाजार आहे.

गळेकर_कोथरूड

सराफसाहेब, दंडवत. इतके दिवस ग्रेन म्हणजे काय ते वाचूनही पोटात उतरत नव्हतं, आता उतरलं.

मुठाकाठ, बरं, स्कॅगिट. पण सात नंबर की आठ? आणि रिळाचं सांगितलंच नाहीत. परदेशी ब्लॉगवाले म्हणतात रिळावर पैसे घालू नका, ते फक्त दोरी ठेवायचं भांडं आहे.

मुठाकाठ

ट्राउटवाल्यांसाठी खरंय ते. महसीरचा पहिला झपाटा ज्याने खाल्लाय तो असं लिहिणार नाही. सोनेरी महसीर गळ लागल्यावर थेट प्रवाहात घुसतो आणि खडकांमागून वळतो, तेव्हा रिळाचा ब्रेक गुळगुळीत हवा. धक्के देत सुटणारा ब्रेक असेल तर लीडर तिथेच तुटतो.

रीळ घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, चौकट पूर्ण बंद हवी. हेडच्या मागची रनिंग लाइन बारीक असते, ती उघड्या चौकटीच्या फटीतून बाहेर येते आणि अडकते, तीही मासा लागल्यावरच. दुसरी, जागा. ३० पौंडी बॅकिंग (सगळ्यात मागची राखीव दोरी) दीडशे-दोनशे यार्ड, वर शंभर फूट रनिंग लाइन, वर हेड, एवढं बसलं पाहिजे. रिळावर लिहिलेला नंबर एकहाती दोरीचा असतो, सात नंबरच्या दुहातीला रीळ नऊ-दहाचं घ्यावं लागतं. तिसरी, वजन. इथे हलकं रीळ म्हणजे चांगलं रीळ नव्हे. तेरा फुटांची काठी पुढे झुकते, तिला मागून तोलायला अडीचशे-तीनशे ग्रॅमचं रीळ हवं. दोरी भरून रीळ लावा, वरच्या मुठीवर जिथे वरचा हात धरता तिथे एका बोटावर काठी तोला. पुढे डुलली तर संध्याकाळी मनगट बोलेल.

सात की आठ? तुमचा खांदा बघता सात, तेरा फुटी. तक्त्यात स्कॅगिट ५१० ते ५४० लिहिलेली एखादी भारदस्त सात. फार मोठ्या माश्या फेकायच्या असतील तर आठ. काठी साधारण तीनशे डॉलरपासून मिळते, एको किंवा रेडिंग्टनसारखी, आणि शिकायला ती पुष्कळ आहे. हजार डॉलरची काठी तुमच्या चुका हजार डॉलरच्या करत नाही, तेवढ्याच ठेवते. ड्युटी आणि कुरिअर धरल्याशिवाय हिशोब मात्र करू नका.

आणि हो, स्कॅगिट हेडला टिप लावावीच लागते. दहा-पंधरा फुटांची, तरंगणारी किंवा बुडणारी. टी-८, टी-११, टी-१४ असं लिहिलेलं असतं, म्हणजे फुटाला तितके ग्रेन. टिपेशिवाय स्कॅगिट फेकणं म्हणजे फाळाशिवाय नांगर. हा धडा मी स्वतः एक पूर्ण रविवार पाण्यात उभं राहून शिकलोय.

पाणकोळी

धागा उशिरा पाहिला. मी मत्स्यशास्त्र शिकवते, काठी कधी धरली नाही.

पुणेकरांनो, महसीरसाठी महाकालीला जाता पण आपल्या दारातल्या महसीरची आठवण ठेवता का? दख्खनी महसीर, म्हणजे टोर खुद्री, ह्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या नदीची आज काय अवस्था आहे ते बंडगार्डन पुलावर नाक दाबून बघा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरचं महसीर संवर्धन केंद्र आहे, १९७० च्या दशकापासून पिलं वाढवतात. कावेरीतही तिथली पिलं गेली. त्याचे तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महसीरवर काय परिणाम झाले हा वेगळा आणि दुखरा विषय.

एवढंच सांगायचं होतं की सरावाच्या नावाखाली देहूच्या डोहाजवळ कुणी काठी घेऊन उभं राहू नका. ते मासे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेत.

गळेकर_कोथरूड

ताई, अगदी. देहूला आजीबरोबर माशांना चुरमुरे घालतच लहानाचा मोठा झालोय. गळ घेऊन तिथे जायचं मनातही येणार नाही. महाकालीलाही परवाना काढून आणि धरलेला मासा पाण्यातच सोडूनच करतो. बिनकाट्याचा गळ.

सह्याद्रीचा_वारा

सराव सोसायटीच्या लॉनवर का नाही करत?

मुठाकाठ

गवत दोरीला धरत नाही. अँकर पाण्यानेच मिळतो. गवतावर एकहाती फेक शिकता येते, ही नाही. पवनेला जा, पण आधी तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसाला भेटा. धरणांचे ठेके त्यांच्याकडे असतात, न विचारता उतरलात तर भांडण त्यांचं बरोबर आहे. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, गाळ आहे. आणि मुठेत पुण्याच्या बाजूला उतरायचा विचार असेल तर खडकवासल्याच्या विसर्गाची बातमी बघून मगच.

माशीऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधा. टोपी आणि चष्मा घाला. दोन्ही हातांनी काठी धरली की सगळे पहार मारल्यासारखे वरच्या हाताने ढकलतात. तसं नाही, वल्हं मारल्यासारखं. वरचा हात टेकू, खालचा हात पोटाकडे खेचायचा. जोर तिथे आहे.

गळेकर_कोथरूड (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय.

काठी आली. सात नंबर, तेरा फुटी. रीळ पूर्ण बंद चौकटीचं, २७० ग्रॅमचं. दोरी मात्र सेकंडहँड घेतली, एका ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून. खोका नव्हता, 'पाचशे चाळीसचं स्कॅगिट' म्हणाला. टी-८ ची टिप लावली.

तीन रविवार पवनेला गेलो. दोरी जातच नाही! तीस-पस्तीस फुटांवर गोळा होऊन पडते, ओल्या टॉवेलसारखी. काठी वाकतच नाहीये असं वाटतं. आणि काल तर कहर झाला. जोर वाढवून एक डबल स्पे (फेकीचा एक प्रकार) मारला तर काठीचा शेंड्याचा तुकडा सुटून दोरीवरून घरंगळत पाण्यात. सगळी दोरी ओढत ओढत तो परत आणला. काठावरची पोरं टाळ्या वाजवत होती.

मुठाकाठ

शेंडा माझ्या चुकीने गेला, सांगायचं राहिलं. ह्या फेकीत काठी पिळली जाते, सांधे फिरत फिरत सैल होतात. प्रत्येक सांध्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळायची. दहा रुपयांचं काम. तुकडा परत मिळाला हे नशीब, सैल सांध्यावर काठी उभी चिरते.

फेक पडतेय ते अँकरमुळे असेल. व्हिडिओ टाका.

गळेकर_कोथरूड

टाकला. (दुवा तुमच्या विचारपुशीत, म्हणजे विपूत.)

मुठाकाठ

पाहिला, चार वेळा. अँकर ठीक आहे, फुगा ठीक आहे. खालचा हात आळशी आहे, पण एवढा नाही. काठी वाकत नाही हे मात्र खरं. मला दोरीची शंका येतेय.

सराफ_पेठ

घेऊन या दुकानात. सोन्या मारुती चौक, दुपारी गर्दी नसते. मिलिग्रॅमचा काटा आहे.

गळेकर_कोथरूड

आत्ताच तिथून आलो. प्रसंग लिहितो, राहवत नाही.

सराफसाहेबांनी आधी दोरी मऊ फडक्याने पुसून घेतली ('ओलीचं वजन धरत नाही आम्ही'). रनिंग लाइन आणि टिप सोडवून बाजूला ठेवली, नुसतं हेड वेटोळं करून काट्याच्या ताटलीत. शेजारी एक बाई मंगळसूत्राचं माप घेत होत्या, त्या हातातलं टाकून बघायला लागल्या. आकडा डुलला आणि थांबला. २५.२७ ग्रॅम. सराफसाहेबांनी कागदावर मांडलं: ३९० ग्रेन. दोन तोळे दोन मासे.

तीन तोळ्यांच्या जागी दहा मासे कमी!

बाई म्हणाल्या, "भाऊ, पावती घेतली होती का?"

भिगवणचा_बगळा

पुण्यात सोनं सोडून दोरीतही घट :))

तंगूस

तीन रविवार त्या बिचाऱ्याचा हात बोल खात होता आणि खोट दोरीत. मला कीव येते. कळकाची काठी घ्या राव.

मुठाकाठ

३९० म्हणजे पाच नंबरच्या दुहातीचं हेड असणार. त्या माणसालाही कदाचित माहीत नसेल, खोका एकदा हरवला की सगळी हेडं सारखीच दिसतात. म्हणून सांगतो, नवं हेड आलं की टोकाच्या लूपजवळ (जोडायच्या फासाजवळ) पक्क्या शाईने वजन लिहून ठेवा. बरीच हेडं आता छापूनच येतात, जुनी येत नाहीत.

ते ३९० टाकू नका. कधी छोटी स्विच घेतलीत तर लागेल. (वारेसाहेब, हसू नका.)

सह्याद्रीचा_वारा

:D

गळेकर_कोथरूड (दीड महिन्याने)

अपडेट. भाची सिएटलहून आली, तिच्याबरोबर नवं हेड मागवलं. सरळ विमानतळावरून सोन्या मारुती. ३५.०५ ग्रॅम. तीन तोळे, वर चिमूटभर. सराफसाहेबांनी काट्यावर हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पवनेला. लोहगडाच्या मागून उजाडत होतं, पाण्यावर वाफ. पहिल्याच डबल स्पेला काठी मुठीपर्यंत वाकली आणि रनिंग लाइन बोटांतून सुर्रकन निघून गेली. मला वाटलं दोरी तुटली. साठ फुटांवर लाल गोंडा टपकन पडला. नंतर दोन तास काही तसं जमलं नाही, पण ते एकदा झालं.

एक प्रश्न. वारा डावीकडून असला की दोरी अंगावर येते. काल मानेला टिप लागली, टी-११ ची. वळ उठलाय.

मुठाकाठ

अभिनंदन आणि सहानुभूती.

वारा कुठून, ह्यावर फेक ठरते. प्रवाहाच्या दिशेने वाहणारा वारा असेल तर अँकर खालच्या बाजूला पडला पाहिजे, म्हणजे डबल स्पे किंवा स्नेक रोल. वारा प्रवाहाच्या उलट वर येत असेल तर अँकर वरच्या बाजूला, म्हणजे सिंगल स्पे किंवा स्नॅप टी. अँकर नेहमी वाऱ्याच्या पलीकडे, तुम्ही आणि वारा अलीकडे. हे चुकलं की गळ कानात. धरणात प्रवाह नसतो म्हणून काठावर चपलेने बाण काढा, 'नदी इकडून तिकडे', आणि त्याप्रमाणे वागा. पंचेश्वरला दुपारनंतर दरीतून वर वारा सुटतो, स्नॅप टी घोटून ठेवा.

गळेकर_कोथरूड (मार्च संपताना)

आलो परत. झेलमने दिल्ली, तिथून टनकपूर, पुढे जीप. नळी बघून टीसीने विचारलं, "साहेब, नकाशे का?" हो म्हटलं.

पाच दिवसांत दोन महसीर. एक पावशेरी पोरटं, दुसरा साधारण सात पौंडांचा. दुसरा संगमाच्या खाली, फेक संपून माशी काठाकडे वळत असताना लागला. ब्रेक मऊ ठेवला होता, तरी ऐंशी यार्ड बॅकिंग बाहेर. सोडला तेव्हा पाण्यात एक क्षण थांबून राहिला, शेपटीने माझ्या घोट्याला थापट मारली आणि गेला. तिसरा लागला होता, त्याने खडकामागे जाऊन टिपच सोलून नेली.

झाडांना एकही माशी वाहिली नाही. खांदा गप्प आहे, कंबर बोलतेय.

मुठाकाठ, आता स्कँडी हेड घ्यावं म्हणतो, तीर्थनच्या खालच्या रुंद पाण्यासाठी. तक्त्यात ह्या काठीला ४५० ते ४८० लिहिलंय.

मुठाकाठ

४८० घ्या. लीडर काठीएवढा लांब, आणि हात निम्म्या जोराने. स्कॅगिटची धसमुसळी सवय लागलीय ती मोडायला महिना जाईल.

सराफ_पेठ

४८० म्हणजे दोन तोळे आठ मासे. आणा, मोजून देतो. येताना ती माझी छोटी कात्री घेऊन या, लूप कापायला नेलेली.

तंगूस

ती एकहाती आठ नंबरची आता विकणार का? नातवासाठी विचारतोय.

गळेकर_कोथरूड

काका, विपू करतो. दोरी मोजून देईन.